सात वर्षांचे कर्ज आणि चाळीस दिवसांची कोंबडी

आषाढी अमावास्या जवळ आली की गावोगावच्या चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात. खरे म्हणजे ही दिव्यांची अमावास्या. घरातले दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करायची, अशी आपली जुनी रीत. पण निम्म्या महाराष्ट्राने तिचे नाव 'गटारी' ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि तीच दुकाने ओस पडतात. फळ्यावरचा खडूने लिहिलेला भाव खाली येतो, आणि 'श्रावणात चिकन स्वस्त, पण खाणार कोण?' हा वर्षानुवर्षांचा विनोद पुन्हा एकदा होतो. गृहिणींना हे सगळे पाठ असते. मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, संकष्टी, एकादशी यांचा हिशेब चिकनवाला कुठल्याही पुरोहितापेक्षा जास्त काटेकोरपणे ठेवतो.

हा हिशेब दुकानदाराच्या फार आधी दुसऱ्या कोणाला तरी करावा लागतो, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. शेडमध्ये आज टाकलेले एक दिवसाचे पिल्लू पस्तीस ते बेचाळीस दिवसांनी विकायला तयार होते. त्याच्या आधी एकवीस दिवस अंडे यंत्रात उबत असते. म्हणजे गटारीला तुमच्या पातेल्यात जी कोंबडी शिजते, तिचे अंडे वैशाखाच्या अखेरीस उबवणी यंत्रात गेलेले असते. आणि ज्येष्ठाच्या पौर्णिमेनंतर जे पिल्लू शेडमध्ये जाते, ते ऐन श्रावणात तयार होते. म्हणून ज्येष्ठाच्या उत्तरार्धात पिल्लांचा पुरवठा आखडता घेतला जातो आणि सिन्नरकडच्या किंवा जुन्नरकडच्या एखाद्या शेतकऱ्याची शेड रिकामी राहते. आपला श्रावण पाळला जातो आणि त्याची एक बॅच जाते.

मी बँकेत नोकरी केली ती बरीचशी ग्रामीण शाखांत. गाय, विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर आणि कोंबड्यांची शेड, या पाच गोष्टींसाठी माणसे समोरच्या खुर्चीत येऊन बसत. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा त्यातली पुष्कळ माणसे पुन्हा भेटायला आली. पण कोंबडीच्या धंद्यातली माणसे मला कादंबरीत कधी नीट बसवता आली नाहीत, कारण त्यांच्या गोष्टीत खलनायक सापडत नाही. ज्याच्याकडे बोट दाखवावे, तो दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवतो, आणि त्याचेही काही खोटे नसते. म्हणून आज कथेचा नाद सोडून नुसता हिशेब मांडायचे ठरवले आहे. शाकाहारी वाचकांनी पान उलटू नये. या धंद्यात खर्चाचा मोठा वाटा खाद्याचा, आणि खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनचे भवितव्य आपल्या आवडीनिवडी विचारत नाही.

डालग्यातून शेडमध्ये

एके काळी कोंबडी हा धंदा नव्हता, ती घरातल्या बाईची गल्ल्याची पेटी होती. अंगणात उकिरडा उकरून पोट भरणाऱ्या पाच-सात कोंबड्या, रात्री त्यांच्यावर डालगे. आणि पाहुणा आला किंवा मुलाची फी भरायची वेळ आली की त्यातली एक कमी व्हायची. हिशेब नव्हता, कारण खर्चही नव्हता.

१९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालनाला कारखानदारीची शिस्त येऊ लागली. चांगल्या जातीची पिल्ले, लसी, तयार खाद्य, प्रशिक्षण हे सारे एका साखळीत आले. मांसासाठी वाढवलेली जी 'ब्रॉयलर' कोंबडी, तिला आपल्या लोकांनी लगेच 'बॉयलर' करून टाकले आणि पांढऱ्या अंड्याला 'इंग्लिश अंडे'. परकी वस्तू पचवायची ही आपली पद्धत जुनीच आहे.

सुरुवातीला शेतकरी स्वतः पिल्ले विकत घेई, स्वतः खाद्य आणी आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी व्यापाऱ्याला पक्षी विकी. भाव चढला तर एका बॅचमध्ये मोटरसायकल दारात यायची, पडला तर पुढच्या बॅचमध्ये ती विकावी लागायची. हा जुगार अनेकांना झेपला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूत, कोइमतूरच्या परिसरात कराराने कोंबड्या वाढवण्याची पद्धत रुजली आणि यथावकाश ती महाराष्ट्रातही आली. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषधे कंपनीची, दर आठवड्याला येणारा सुपरवायझर कंपनीचा. शेतकऱ्याने द्यायची ती जागा, शेड, पाणी, वीज, तुसाची गादी आणि घरच्या माणसांचे श्रम. पक्षी कंपनी उचलणार आणि शेतकऱ्याला वजनावर किलोमागे ठरलेली वाढवणूक देणार. बाजारात भाव काहीही असो, तुम्हाला तुमचे पैसे मिळतील, असे त्याला सांगितले गेले. त्यात बरेच तथ्यही होते. ते किती होते, याकडे मी शेवटी येणार आहे.

रात्रीचा धंदा

कंपनी आणि तुमचे दुकान यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. त्याचे नाव कुठल्या जाहिरातीत नसते. तो घाऊक व्यापारी. दलाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गादीवर लोडाला टेकून बसलेला माणूस येतो. या माणसाला टेकायला वेळच नसतो. त्याचा दिवस रात्री सुरू होतो.

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा भाव कळतो. रात्री टेम्पो शेडवर जातो. पक्षी रात्रीच पकडायचे, कारण अंधारात ते शांत बसून राहतात आणि हवाही थंड असते. पकडणारी पोरांची टोळी वेगळी असते. दोन्ही हातांत पाय धरून एकेक पक्षी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरायचा, क्रेट काट्यावर चढवायचे, वहीत वजन लिहायचे. या काट्यावरच्या आकड्यावर तिघांचा संसार असतो: कंपनीचा, व्यापाऱ्याचा आणि शेडवाल्याचा. तिघेही विजेरीच्या उजेडात तिकडेच डोळे लावून उभे असतात. मग पहाटेच्या आत मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक गाठायचे. दुकाने उघडायच्या आत दारोदार माल पोचवायचा आणि कालचे पैसे मागायचे.

इथला हिशेब समजून घेण्यासाठी आपण एक उदाहरण कल्पू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण प्रमाण धंद्यातले आहे. समजा, टेम्पोत १,००० पक्षी आहेत, प्रत्येकी २ किलोचे. शेडवरचा भाव किलोला १०० रुपये. म्हणजे २,००० किलोचे २ लाख रुपये झाले. प्रवासात पक्ष्याचे वजन घटते. पोटातले निघून जाते, अंगातले पाणी कमी होते, एखाद-दुसरा पक्षी दगावतो. समजा, सगळी मिळून तूट ४ टक्के. दुकानाच्या काट्यावर १,९२० किलो उतरले. डिझेल, चालक आणि पकडणारी टोळी यांचे ६,००० धरा. एकूण खर्च २ लाख ६ हजार. दुकानदाराला ११२ रुपयांनी माल दिला तर येणार २ लाख १५ हजार ४० रुपये. हातात राहिले ९,०४०.

एका रात्रीत नऊ हजार म्हणजे चंगळ, असे कोणालाही वाटेल. आता मे महिन्याची कल्पना करा. घाटात ट्रक उलटला आहे, टेम्पो तीन तास उन्हात अडकला आहे. तूट ४ ऐवजी ६ टक्के झाली, म्हणजे आणखी ४० किलो गेले. नऊ हजारांचे साडेचार हजार झाले. चाळीस किलोंनी निम्मी कमाई खाल्ली. म्हणून उन्हाळ्यात हे लोक चालकाच्या फोनकडे असे पाहत बसतात, जसे आपण परीक्षेला गेलेल्या मुलाच्या वाटेकडे पाहतो.

आणि ही तूट हा छोटा शत्रू. मोठा शत्रू म्हणजे उधारी. समजा, एक दुकानदार रोज ६० किलो माल घेतो आणि आठ दिवसांची उधारी ठेवतो. म्हणजे ५३,७६० रुपये त्याच्याकडे कायम अडकलेले. तो एका सकाळी शटर ओढून गावी निघून गेला, तर व्यापाऱ्याच्या सहा फेऱ्यांची कमाई त्याच्याबरोबर गेली. दुकानदार उधारी का ठेवतो? कारण त्याच्याकडून शेजारचा ढाबा आणि कोपऱ्यावरची खानावळ उधारीवर नेतात. आणि त्यांच्याकडे महिन्याच्या डब्यावर जेवणारी पोरे पगार झाल्यावर पैसे देतात. पगाराची तारीख अशी टप्प्याटप्प्याने घरंगळत घाऊक व्यापाऱ्याच्या वहीत येऊन पडते.

असा एक व्यापारी माझ्या शाखेत कॅश क्रेडिट मागायला आला होता. उलाढाल डोळे दिपवणारी होती. नियमाप्रमाणे त्याला महिनाअखेरीचे स्टॉक स्टेटमेंट मागितले. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, माझा स्टॉक सकाळी नऊला संपतो. उरला तर मी संपलो." बँकेच्या पुस्तकात माल साठवणारा व्यापारी पतवान असतो, या माणसाची पत माल न साठण्यात होती. तारण म्हणून त्याने दाखवली ती रेघांची वही, तिच्यात दुकानदारांची नुसती नावे आणि त्यांच्यापुढे रकमा. सही कोणाचीच नाही. कर्ज मंजूर होणे शक्य नव्हते, आणि झालेही नाही. त्याने खाजगीत, महिन्याच्या टक्क्यांवर पैसे उचलले. किलोमागे जे बारा रुपये वाढतात त्यात हे व्याजही असते, आणि ते तुम्हीआम्ही रविवारी भरतो.

दुकानदाराबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. 'जिवंत कोंबडी ११२ आणि चिकन २२०, ही लूटच!' असे तावातावाने बोलणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. दोन किलोच्या पक्ष्यातून पिसे, कातडी, डोके, पाय, आतडी गेली की १३०० ग्रॅमच्या आसपास मांस हाती येते. २२४ रुपयांच्या पक्ष्याचे १३०० ग्रॅम, म्हणजे किलोला १७२ रुपये ही नुसती खरेदी झाली. वरच्या पैशात भाडे, कापणारा माणूस, वीज, पाणी आणि घाण उचलणाऱ्याचे पैसे. कोपऱ्यावरचा चिकनवाला गब्बर झाल्याचे मी तरी पाहिले नाही.

मग पैसे कमावतो कोण? चांगल्या दिवसांत थोडेथोडे सगळेच. वाईट दिवसांत मात्र गमावतो कोण, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे जाण्याआधी भावाकडे वळायला हवे.

रुमाल गेला, मोबाइल आला

कांद्याचा लिलाव लासलगावला भर चौकात होतो. ट्रॉलीभोवती व्यापारी उभे, शेतकरी शेजारी, बोली मोठ्याने. शेतकऱ्याला भाव पटत नाही, तो शिव्या देतो, कधी लिलाव बंद पाडतो. पण भाव कसा ठरला, हे त्याला दिसते. हे आपोआप झालेले नाही. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत आणि कोणी किती बोटे दाबली हे मालाच्या धन्याला कळत नसे. ते बंद करायला कायदे करावे लागले. वऱ्हाडात कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार १८८६ साली उभा राहिला. म्हणजे भाव उघड्यावर ठरला पाहिजे, हे या मातीला कळून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

कोंबडीचा भाव मात्र असा चौकात ठरत नाही. प्रत्येक विभागातले मोठे उत्पादक आपापसात अंदाज घेतात. कोणाकडे किती पक्षी तयार आहेत, कालचा माल उठला की राहिला, उद्या एकादशी आहे की रविवार, याचा विचार होतो आणि संध्याकाळी 'उद्याचा रेट' निघतो. पूर्वी तो टेलिफोनवर कळे, आता व्हॉट्सॲपवर येतो. शिवाय जाहीर झालेला भाव एक आणि व्यापाऱ्याशी प्रत्यक्ष झालेला सौदा दुसरा, असेही सर्रास चालते. माल तुंबला की जाहीर भावाच्या खाली विक्री होते, पण फळ्यावरचा आकडा जाहीर भावाकडे पाहूनच लिहिला जातो. त्यामुळे शेडवरचा भाव कोसळला तरी दुकानातला तितका उतरत नाही, आणि वर जाताना मात्र दोन्ही हातात हात घालून जातात.

भाव असा ठरण्यामागे कट असतोच असे नाही. मालाचा स्वभावच तसा आहे. कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन गोदामात ठेवता येते, कोंबडी थांबवता येत नाही. बेचाळिसाव्या दिवसानंतर ती खात राहते, पण खाल्लेले पूर्वीसारखे अंगी लागत नाही. किलोभर वजनासाठी साधारण १,६०० ते १,७०० ग्रॅम खाद्य लागते. दिवस उलटले की हे प्रमाण बिघडत जाते. गर्दी वाढते, उकाडा वाढतो, मरतूक वाढते. विकणाऱ्याची ही घाई घेणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून इथे दोन दिवसांचा धीरसुद्धा भांडवल लागते, आणि ते ज्याच्याकडे असेल त्याच्या बाजूने काटा झुकतो.

अंड्यांच्या बाबतीत हाच अनुभव आल्यावर १९८२ साली डॉ. राव यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव मुकाट्याने घेणारे उत्पादक एकत्र आले आणि अंड्यांचा भाव स्वतः जाहीर करू लागले. ते जमले, कारण अंडी त्यांची होती. करारावर कोंबड्या वाढवणारा शेतकरी असा एकत्र कसा येणार? त्याच्या शेडमधला एकही पक्षी त्याचा नसतो.

जोखीम कुठे जाते?

आता मूळ प्रश्न. करार करताना शेतकऱ्याला सांगितले जाते की बाजाराची जोखीम कंपनीची. कागदावर हे खरे आहे. भाव पडला म्हणून ठरलेल्या वाढवणुकीतून कोणी उघड कापून घेत नाही. पण बँकेत तीसएक वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय लागते: जोखीम नाहीशी झाली असे कोणी म्हटले की ती कुठल्या दाराने बाहेर गेली आणि कोणत्या दाराने परत आली, हे तो शोधतो.

पुन्हा एक कल्पित उदाहरण. ५,००० पक्ष्यांची शेड. मरतूक ४ टक्के धरून ४,८०० पक्षी, २ किलोचे, म्हणजे ९,६०० किलो. वाढवणूक किलोला ७ रुपये धरली तर एका बॅचचे ६७,२०० रुपये. वर्षाला पाच बॅच झाल्या तर ३ लाख ३६ हजार. शेडसाठी बँकेचे ९ लाखांचे कर्ज, सात वर्षांचे, व्याज ११ टक्के. हप्ता महिन्याला सुमारे १५,४०० आणि वर्षाला १ लाख ८५ हजार. उरले दीड लाख. त्यातून तूस, वीज, पिल्लांना ऊब देण्याचा खर्च आणि मजुरी. घरच्या माणसांनी रात्रंदिवस राबून केले तर बरे चालते, आणि पुष्कळांचे चालतेही.

आता समजा, बाजार मंदावला. कंपनी काय करते? करार मोडत नाही आणि दरही कमी करत नाही. ती पिल्ले उशिरा टाकते. शेड पंधरा दिवसांऐवजी महिना-दीड महिना रिकामी राहते. वर्षात पाचाऐवजी चार बॅच होतात. ३ लाख ३६ हजारांचे २ लाख ६९ हजार झाले. बँकेचा हप्ता मात्र पंधरा हजार चारशेच. दीड लाखाचे ८४ हजार उरले आणि खर्च अजून व्हायचाच आहे. पुढच्या दाराने गेलेली बाजाराची जोखीम ही अशी मागच्या दाराने परत येते. तिचे नाव तेवढे बदललेले असते. आता ती 'बॅचमधले अंतर' असते.

दुसरे दार आहे ते हिशेबाचे. किती खाद्यात किती वजन आले, यावर वाढवणूक कमी-जास्त होते. मेहनतीला बक्षीस मिळावे, याला कोणाची हरकत नाही. पण पिल्लू अशक्त निघाले किंवा खाद्याची एखादी खेप हलकी आली, तर? पिल्लू त्यांचे, खाद्य त्यांचे, औषध त्यांचे. गुणपत्रिका मात्र शेतकऱ्याची. आणि त्या गुणपत्रिकेवर दाद मागायची तर ती तपासणाऱ्याकडेच.

गेल्या वीस वर्षांत हे अनेकदा पाहायला मिळाले. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो पक्षी मारावे लागले, आणि ज्या जिल्ह्यांत आजाराचा मागमूस नव्हता तिथेही दुकाने बंद पडली. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा पसरली. शेडवरचा भाव किलोला दहा रुपयांच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याच्याही खाली गेला. लोकांनी पक्षी फुकट वाटले, पिल्ले पुरली. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला पुन्हा बर्ड फ्लू निघाला. त्याच वर्षी सोयाबीन इतके कडाडले की केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. कुक्कुट उद्योगाने सुटकेचा श्वास टाकला आणि सोयाबीनवाल्या शेतकऱ्याने कपाळावर हात मारला. दोघेही खरेच होते. बर्ड फ्लूमध्ये सरकार भरपाई देते ती नष्ट केलेले पक्षी, अंडी आणि खाद्य यांची. करारातल्या शेडमधले पक्षी आणि खाद्य कंपनीचे. निर्जंतुक करून महिनोन्‌महिने रिकाम्या ठेवलेल्या शेडच्या हप्त्यासाठी त्या यादीत रकाना नाही.

हप्ते थकले की खाते बुडीत धरले जाते. सातबाऱ्यावर बोजा असतो तो शेतकऱ्याच्या नावाचा. कंपनी वसुलीच्या यादीत नसते, व्यापारी नसतो, दुकानदार नसतो. शेडचे दुसरे काही करताही येत नाही. त्या लांबट, जाळीच्या भिंतींच्या घरात माणूस राहू शकत नाही. फार तर कांदा ठेवता येतो.

काय करता येईल?

कंपन्या नकोत, व्यापारी नकोत, सगळे सरकारने करावे, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. कराराच्या पद्धतीमुळे हजारो कोरडवाहू कुटुंबांना वर्षभर येणारे उत्पन्न मिळाले, आणि एके काळी सणासुदीला होणारे चिकन रोजंदारीवर जगणाऱ्याच्या ताटातही आले. हे मोठे काम आहे. पण जो सगळ्यात जास्त मुदतीचे कर्ज घेतो, त्याच्याच हातात सगळ्यात कमी मुदतीची हमी असावी, हे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही. बँक सात वर्षांची मुदत देते, आणि करार प्रत्यक्षात चालतो बॅच ते बॅच.

उपाय फार अवघड नाहीत. वर्षाला किमान किती बॅच, हे करारात लिहिलेले असावे, आणि तेवढ्या न दिल्यास रिकाम्या दिवसांचे काही भाडे शेडला मिळावे. विमान कंपन्या उभ्या विमानाचे भाडे भरतातच की! करार मराठीत असावा, त्याची प्रत शेतकऱ्याच्या हातात असावी, आणि पिल्लांच्या व खाद्याच्या दर्जाबद्दल तक्रार झाली तर ती तिसऱ्या कोणाकडून तपासून घेण्याची सोय तालुक्याला असावी. शेडवरचा काटा प्रमाणित असावा आणि वजनाची पावती तिथल्या तिथे मिळावी. भावाच्या बाबतीत, संध्याकाळच्या अंदाजापेक्षा काल प्रत्यक्षात किती माल कोणत्या भावाने गेला, हे विभागवार प्रसिद्ध झाले तर अर्धे रुमाल आपोआप उचलले जातील.

बँकांनीही थोडे बदलले पाहिजे. कोंबडीचे उत्पन्न बॅचने येते, तर हप्ताही बॅचवार का असू नये? शेडच्या कर्जाआधी आम्ही सातबारा, जामीनदार, कोटेशन सगळे पाहत असू. कंपनीच्या कराराची मुदत पाहण्याचा रकाना छापील अर्जातच नसे. तो असायला हवा. आणि घाऊक व्यापाऱ्याला त्याच्या वहीवर पत देणे आता अशक्य राहिलेले नाही. दुकानदार मोबाइलवरून पैसे पाठवतात, प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. ज्या वहीवर सही नव्हती, तिच्यावर आता वेळ आणि तारीख उमटते. त्याला बँकेच्या व्याजाने पैसे मिळाले तर किलोमागचे दोन पैसे शेडकडेही वळू शकतील.

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर आणि ग्रामपंचायतीचा कर या दोन जुन्या दुखण्यांवर त्याने उतारा पडावा, अशी अपेक्षा आहे. निर्णय चांगला आहे. पण शेतकरी म्हणवून घेण्याचा मान आणि शेतकऱ्याची सौदाशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकार देऊ शकते. दुसरी करारातूनच यावी लागते.

आपण ग्राहक यात काय करणार, असे कोणी विचारील. एक गोष्ट नक्की करता येईल. पुढच्या वेळी मोबाइलवर 'कोंबडी खाऊ नका' असा निनावी निरोप आला, तर तो पुढे पाठवण्याआधी पशुसंवर्धन खाते काय म्हणते, ते पाहावे. चिकन नीट शिजवून खावे, आजाराची खरी सूचना आली तर ती पाळावीही. पण नुसत्या अफवेने आपण दोन आठवडे चिकन सोडतो, तेव्हा आपले काही बिघडत नाही. आपण पनीर आणतो. कंपनी पिल्ले थांबवते, व्यापारी टेम्पो उभा करतो, दुकानदार गावी जाऊन येतो. थांबता येत नाही ते एकालाच. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, आणि शेड रिकामी राहिली म्हणून महिन्याची पाच तारीखही यायची राहत नाही. त्या दिवशी त्याच्या खात्यातून हप्ता वळता होतो, आणि खात्यात काही नसले तर तशी नोंद होते.